नव्या वास्तूचं दार कुणासाठी?

उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळांमध्ये एक विषय पुन्हा पुन्हा निघतो आहे: स्वतःची वास्तू. शाळेचं सभागृह भाड्यानं घ्यायचं, रात्री दहाच्या आत मखर उतरवायचं, उरलेले मोदक कुणाच्या तरी डिकीत घालायचे आणि आरतीची तबकं वर्षभर कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये ठेवायची, याला सगळेच थकले आहेत. आमच्याकडेही निधी जमतो आहे. मीही माझा वाटा दिला आहे. पहिला आराखडा सभासदांना दाखवला तेव्हा मी हजर होते. मोठं सभागृह, उत्तम रंगमंच, मागे मेकअपच्या दोन खोल्या, देणगीदारांच्या नावांची भिंत, ऐसपैस पार्किंग. स्वयंपाकघरही होतं, पण केटररकडून आलेलं जेवण गरम करण्यापुरतं. सोमवार ते शुक्रवार ही वास्तू कुलूपबंद राहणार हे कुणी मोठ्यानं म्हणालं नाही, तरी आराखड्यात ते स्वच्छ दिसत होतं.

मला त्या आराखड्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी आधी शिकागोतल्या एका जुन्या घराची हकिकत सांगते. जरा लांबण लागेल, पण कृपा करून वाचा.

मी मूळची सोलापूरची. सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटलं की एक विशिष्ट वस्ती डोळ्यांपुढे येते. इंग्रजांच्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांना तिथं तारेच्या कुंपणाआड ठेवलेलं होतं. १९५२ साली तो कायदा गेला, तार निघाली, नाव तेवढं राहिलं. त्यामुळे इथं आल्यावर ‘सेटलमेंट हाउस’ हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा मला कुंपणच दिसलं. अर्थ मात्र अगदी उलटा निघाला. ज्यांना शहराच्या चांगल्या भागात राहणं परवडत होतं, अशी शिकलेली माणसं आपणहून गरिबांच्या वस्तीत घर करून राहायला गेली, शेजारी म्हणून. याची सुरुवात लंडनची. पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १८८४ साली सॅम्युएल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्यानं टॉयन्बी हॉल उभा केला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी तिथं मुक्कामाला येत आणि गोदीकामगार, शिवणकाम करणारे, नुकतेच बोटीतून उतरलेले ज्यू निर्वासित यांच्यामध्ये राहत. दोनच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये तसं पहिलं घर निघालं. आणि टॉयन्बी हॉल पाहून आलेल्या जेन अ‍ॅडम्स व तिची मैत्रीण एलन गेट्स स्टार यांनी १८ सप्टेंबर १८८९ रोजी शिकागोच्या हॅल्स्टेड स्ट्रीटवर एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड मांडलं. तो वाडा चार्ल्स हल नावाच्या माणसानं १८५६ साली बांधला होता, म्हणून त्याचं नाव हल हाउस. सभोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, बोहेमियन, आयरिश, रशिया आणि पोलंडमधून आलेले ज्यू. पुढे त्यांनी घरोघर फिरून वस्तीचे नकाशे काढले आणि १८९५ साली छापले. त्या नकाशांत एका चौरस मैलाच्या तिसऱ्या हिश्शात अठरा देशांची माणसं दाखवली आहेत.

आता नीट ऐका, कारण माझं सगळं म्हणणं इथं आहे. या दोघी पहिल्यांदा तिथं गेल्या त्या संस्कृती द्यायला. भिंतींवर युरोपातल्या मोठमोठ्या चित्रांच्या प्रती लावल्या. सुरुवातीच्या संध्याकाळी शेजारच्या तरुणींना बोलावून इटलीत घडणारी एक इंग्रजी कादंबरी वाचून दाखवली. हेतू चांगला होता. पण दाराशी येणारी माणसं वेगळंच काही घेऊन येत होती. आई कारखान्यात गेलेली आणि मूल खोलीत कोंडलेलं, असं घराघरात होतं. पहिल्याच कडक उन्हाळ्यात त्यांना अशी तीन मुलं भेटली: एक तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पडलेलं, एक भाजलेलं, आणि एकाचा कणा वाकलेला, कारण त्याला दिवसभर स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाला बांधून ठेवत असत. पाळणाघर त्यातून आलं. मग कामकरी मुलींसाठी सहकारी वसतिगृह, शिवण, इंग्रजीचे वर्ग, व्यायामशाळा, वाचनालय. दुसऱ्या वर्षापर्यंत आठवड्याला दोन हजार माणसं त्या घरात येऊ लागली. १९०७पर्यंत एका वाड्याच्या तेरा इमारती झाल्या.

त्यांच्या चुकाही मला मोलाच्या वाटतात. बॉस्टनमधल्या शास्त्रशुद्ध आहाराच्या प्रयोगावरून त्यांनी एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढलं. दिवसभर शिवणयंत्रावर राबून येणाऱ्या बायकांना स्वस्त, पौष्टिक, तयार अन्न मिळावं हा विचार. सूप, शिजवलेल्या भाज्या, सगळं मोजूनमापून. पण शेजाऱ्यांनी ते फारसं घेतलंच नाही. एका बाईनं सांगितलं, की अन्न पौष्टिक आहे हे कबूल, पण आपल्याला जे आवडतं तेच खावंसं वाटतं. जेन अ‍ॅडम्सनं पुढे लिहून ठेवलं, की माणसांच्या जिभेवर त्यांच्या मुलखाची चव किती खोल असते याचा आपण हिशेबच केला नव्हता. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सामानात भरून सातासमुद्रापार आणणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी ते मान्य केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याच इमारतीतलं कॉफीहाउस मात्र फुललं, कारण तिथं माणसांना बसायला जागा होती.

आणि मग टकळीची गोष्ट.

जेन अ‍ॅडम्स एकदा पोक स्ट्रीटवरून चालली होती. एक म्हातारी इटालियन बाई पायरीवर बसून साध्या लाकडी टकळीवर सूत काढत होती. हल हाउसमध्ये तेव्हा एक प्रश्न सतत भेडसावत होता. मुलं शाळेत जाऊन पटकन इंग्रजी शिकत, नोकऱ्या धरत, आणि आईबापांना वेडगळ समजू लागत. आईचा डोक्यावरचा रुमाल, तिचं बोलणं, तिचे खरबरीत हात, सगळ्याची लाज. त्या म्हातारीकडे पाहून अ‍ॅडम्सच्या मनात आलं, की मुलांना त्यांच्या गिरणीपर्यंतचा रस्ता या टकळीपासूनच तर सुरू होतो, हे दाखवता आलं तर? १९०० साली हल हाउसमध्ये ‘लेबर म्युझियम’ सुरू झालं. सिरियन, ग्रीक, इटालियन, रशियन, आयरिश बायका आपापल्या पद्धतीनं सूत काढून दाखवत. टकळी, मग चाक, मग माग. काचेच्या पेटीतली वस्तू नव्हे, चालता हात. शनिवारी संध्याकाळी माणसं मुद्दाम ते पाहायला येत.

एक इटालियन पोर त्याच संध्याकाळी हल हाउसच्या पाककलेच्या वर्गाला यायची. तिची आई म्युझियममध्ये सूत काढायला यायची. मुलगी आईला बाजूच्या दारानं आत सोडून स्वतः पुढच्या दारानं जायची, कारण डोक्याला रुमाल बांधलेल्या, आखूड स्कर्ट आणि जाडजूड बूट घातलेल्या बाईची ही लेक आहे हे वर्गातल्या मैत्रिणींना कळायला नको होतं. एकदा तिनं पाहिलं, तर आईभोवती शिक्षणशास्त्राच्या विभागातून आलेल्या पाहुण्यांचा घोळका, आणि ते तिच्या बोटांकडे अवाक होऊन बघताहेत. मुलीनं विचारलं तेव्हा तिला कळलं, की टकळीवर सूत काढण्यात आपल्या आईच्या तोडीचं अमेरिकेत कुणी नसेल असं लोक म्हणतात. मग तिनं आईच्या गावाबद्दल विचारलं. काही दिवसांनी दोघी एकाच दारानं येऊ लागल्या.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हाची गोष्ट आठवली. माझी मुलगी तेव्हा बारा वर्षांची. शाळेची बस यायची त्या कोपऱ्यावर आजीनं पदर घेऊन येऊ नये, असं तिनं मला हळू आवाजात सांगितलं. मी तिला रागावले. रागावून काय होतं? आईच्या हातात कला होती. जुन्या साड्यांची वाकळ ती अशी शिवायची, की टाके बघत राहावेत. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याची मोजदाद मी कधी केली नाही. त्या दिवाळीला एका मंडळाच्या कार्यक्रमात तिला ओव्या म्हणण्यासाठी पाच मिनिटं दिली होती. भारतातून आलेल्या कलाकारांची ध्वनिचाचणी लांबली आणि ती पाच मिनिटं गेली. कुणी मुद्दाम केलं नाही. नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आई नवी साडी नेसून बसली होती, ती तशीच माझ्यासोबत घरी आली. पुढे ती सोलापूरला परत गेली. तिचे हात काय काय करू शकतात हे माझ्या मुलीला दाखवता येईल अशी एकही जागा आम्हा साऱ्यांना मिळून तयार करता आली नव्हती. आमच्याकडे होता तो फक्त रंगमंच, आणि रंगमंचावर मिनिटं मोजतात.

म्हणून मी म्हणते, की मंडळाच्या वास्तूत सभागृह शेवटी आखा. आधी अशी एक खोली आखा जिथं दिवसा ऊन येतं, जिथं मागे-पुढे जायची घाई नसते, जिथं कुणाची आजी वाकळ पसरून बसू शकते आणि शेजारच्या अमेरिकन शाळेतली मुलं येऊन बघू शकतात.

तुम्ही म्हणाल, हे भावनेचं बोलणं झालं. मंडळाचं काम संस्कृती टिकवणं. तर मग संस्कृतीचंच बोलू. १८९९ साली हल हाउसच्या परिसरातल्या ग्रीकांनी ओडिसियसच्या घरी परतण्याची कथा मूळ प्राचीन ग्रीकमध्ये रंगमंचावर आणली. रस्त्यावर फळं विकणारी, मिठाईच्या दुकानात राबणारी माणसं ती. शहर त्यांना अडाणी परदेशी समजत होतं, आणि तीच माणसं होमरची भाषा बोलत शहरासमोर उभी राहिली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला लिलियन वॉल्ड या परिचारिकेनं १८९३मध्ये हेन्री स्ट्रीट सेटलमेंट सुरू केलं, ते घरोघर जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यासाठी. तिथल्या मुलांचे नाच-नाटकाचे वर्ग घेणाऱ्या लुईसन भगिनींनी १९१५ साली ग्रँड स्ट्रीटवर नेबरहूड प्लेहाउस बांधलं. आणि याच नाट्यगृहात १९२४च्या डिसेंबरमध्ये कुठलं नाटक झालं असेल? शूद्रकाचं मृच्छकटिक, इंग्रजी भाषांतरात. जे नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी संगीत रंगभूमीवर आणलं आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ज्यातली पदं पाठ केली, ते न्यूयॉर्कला भेटलं ब्रॉडवेच्या झगमगाटापासून दूर, ज्यू आणि इटालियन कामगारांच्या गल्लीत. दर अधिवेशनाला आपण भव्य प्रयोग आणतो. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडचं एक अभिजात नाटक या देशात कुठल्या वस्तीत पोचलं होतं, ही माहिती माझ्या मते प्रत्येक मंडळाच्या नाट्यविभागाला असायला हवी.

शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटजवळच्या एका ज्यू शिंप्याचा मुलगा हल हाउसच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायला शिकला. तो बेनी गुडमन. १९३८ साली कार्नेगी हॉलमध्ये त्यानं जॅझ नेलं, आणि त्याच्या वाद्यवृंदात गोरे आणि काळे वादक एका मंचावर बसत, जे त्या काळात सहज घडणारं नव्हतं. रशियातून आलेल्या ज्यू घराण्यातली व्हायोला स्पोलिन १९२०च्या दशकात हल हाउसमध्ये नीव्हा बॉइडकडे खेळांतून गटाला कसं शिकवायचं ते शिकली. पुढे वेगवेगळ्या देशांतून आलेल्या मुलांना एकमेकांची भाषा येत नसताना एकत्र कसं आणायचं, या गरजेतून तिनं नाट्यखेळ रचले. तिचा मुलगा पॉल सिल्स यानं इतरांसोबत १९५९मध्ये ‘सेकंड सिटी’ हे विनोदी नाट्यगृह उभं केलं. आज अमेरिकेतलं उत्स्फूर्त विनोदी नाट्य म्हणून जे जगभर ओळखलं जातं, त्याच्या मुळाशी ही वस्तीतली मुलं आहेत. १९२०च्या दशकात मेक्सिकन कुटुंबं त्या भागात आली तेव्हा हल हाउसमध्ये कुंभारकामाच्या भट्ट्या लागल्या आणि त्यांच्या हातची भांडी शहरात विकली जाऊ लागली. यातलं काहीही ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून आखलेलं नव्हतं. पाळणाघर, शुश्रूषा, संध्याकाळी मुलांना रस्त्यापासून दूर ठेवणं, या कामांच्या कडेकडेनं ते उगवलं.

कायदेही तिथूनच निघाले, ते थोडक्यात सांगते. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केलीच्या पाहणीमुळे १८९३ साली इलिनॉयमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घेण्यावर बंदी आली. देशातलं पहिलं बालन्यायालय १८९९मध्ये शिकागोत सुरू झालं, त्यामागेही या बायकांची धडपड होती. आणि १९०८ साली स्थापन झालेल्या इमिग्रंट्स प्रोटेक्टिव्ह लीगचे लोक एकट्यानं येणाऱ्या मुलींना रेल्वे स्टेशनवर उतरवून घ्यायचे, कारण हातात पत्त्याची चिठ्ठी घेऊन निघालेल्या कितीतरी मुली त्या पत्त्यावर पोचतच नसत.

हे सगळं सांगताना मी त्या घरांना देव्हाऱ्यात बसवू इच्छित नाही. अनेक सेटलमेंट घरांनी कृष्णवर्णीय शेजाऱ्यांना दार उघडलं नाही, किंवा उघडलं तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या इमारतीत. काही घरांत परदेशी माणसाला घासूनपुसून ‘अमेरिकन’ करण्याची घाई होती. आपण यातून शिकायचं ते आपल्यासाठी. मंडळात आडनाव ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काय उमटतं, नागपूरहून किंवा उदगीरहून आलेल्याच्या बोलीला कुठं हसू येतं, कुणाच्या महापुरुषाची जयंती मोठ्या सभागृहात होते आणि कुणाची दिवाणखान्यात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नव्या वास्तूच्या घटनेत हे लिहून टाका, की हिचं दार प्रत्येक मराठी माणसाला आणि शेजारच्या प्रत्येकाला सारखंच उघडं आहे. लिहिलेलं असलं की विचारता येतं.

आपल्याला हे काम परकं नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. मुंबईच्या नागपाड्यात १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशननं नागपाडा नेबरहूड हाउस काढलं. चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट, शिकागो विद्यापीठात शिकलेले. सभोवती मुसलमान, ज्यू, पारशी, हिंदू, ख्रिस्ती अशी दाट वस्ती. पलीकडे कामाठीपुरा, ज्याचं नावच मुळी तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलं. त्याच इमारतीत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय भरू लागलं आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आज आपण जिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणतो ती हीच. नागपाड्याच्या गल्ल्यांमधलं बास्केटबॉलचं वेडही याच काळापासूनचं. म्हणजे हॅल्स्टेड स्ट्रीटवरचा विचार भायखळ्याला पोचून तिथं रुजला. आपण शिकागोत राहून त्याला ओळखतही नाही, याचं मला वाईट वाटतं.

शिवाय कुणी मिशनरी येण्याची वाट आपल्या लोकांनी पाहिलीच नव्हती. गोव्याहून मुंबईला आलेले खलाशी, आचारी, वादक धोबीतलाव-गिरगावच्या बाजूला आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये राहायचे. बोटीवर जाणारा आपली पेटी कुडात ठेवून जायचा, परत आला की तिथंच उतरायचा, संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना म्हणायचे. कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांनी भरलेलं नाटक, गोव्यात जन्मलं असं अनेकांना वाटतं. त्याचा पहिला प्रयोग झाला मुंबईत, १७ एप्रिल १८९२ रोजी. घर सोडलेल्या माणसांनीच ते उभं केलं. गिरणगावातल्या गाळ्यांमध्ये कोकणातल्या एकेका गावचे चाकरमानी पाळ्या लावून झोपत, खाणावळीतल्या बाई त्यांना जेवू घालत, आणि त्याच गाळ्यांतून भजनी मंडळं, शक्ती-तुरा, दशावतार उभे राहत. माझ्या सोलापूरचं तर काय सांगू? चादर सोलापूरची म्हणून जगभर गेली, पण मागावरचे हात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचे. ते आले, त्यांनी पूर्वेकडच्या पेठा वसवल्या, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ काढला, आणि आज तो रथ साऱ्या शहराचा आहे. आमच्या गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एका नळावर ऐकू यायची. बाहेरून आलेला माणूस गावाला काय देतो, हे मी तिथं पाहून इथं आले आहे. आता बाहेरून आलेली माणसं आपण आहोत.

कुठल्या दारानं आलो हेही जरा आठवू या. १९२४च्या कायद्यानं या देशानं दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या माणसांची वाट अरुंद केली आणि आशियातल्या लोकांसाठी जवळपास बंदच केली. १९६५च्या कायद्यानं ती उघडली, ती नागरी हक्कांच्या लढ्यानं देश ढवळून निघाल्यानंतर. आपल्यातले बहुतेक डिग्री घेऊन, विमानानं, नोकरीचं पत्र हातात घेऊन आलो. म्हणून आपल्याला वाटतं, की सेटलमेंट घराची गरज त्या गरीब युरोपियनांना होती, आपल्याला नाही. पण आपल्याच आजूबाजूला बघा. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथं नोकरी करणाऱ्याची बायको म्हणून आलेली मुलगी, जिची पदवी पेटीत पडून आहे. २०१५पासून काहींना काम करण्याची परवानगी मिळू लागली, तरी ती सगळ्यांना नाही. नवऱ्याचा हात उठत असेल तर तिनं कुणाकडे जायचं? मुलांना सांभाळायला बोलावलेले आजी-आजोबा, ज्यांना गाडी चालवता येत नाही आणि ज्यांच्या उपनगरात बस येत नाही. भाड्याच्या घरात पाच जण राहणारे, कर्ज काढून शिकायला आलेले विद्यार्थी. नोकरी गेल्यावर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा, या धाकात रात्र काढणारा तिशीतला माणूस. ही माणसं गणेशोत्सवाला येतात, फोटो काढतात, जेवून जातात. मंगळवारी दुपारी ती कुठं असतात हे मंडळाला माहीत नसतं.

शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूच्या परिसरात इंडो-अमेरिकन सेंटर १९९०पासून इंग्रजीचे आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचे वर्ग घेतं, वृद्धांना एकत्र जेवू घालतं. तिथं गुजराती, उर्दू, हिंदी, पंजाबी सगळं ऐकू येतं. हे आजच्या काळातलं हल हाउसच आहे. आपल्या वास्तूच्या समितीनं सभागृहांची मापं घ्यायला नाट्यगृहं पाहिली, तशी एखादी दुपार तिथंही घालवावी.

माझं मागणं फार मोठं नाही. स्वयंपाकघर खरंखुरं बांधा, जिथं दहा जणी मिळून पोळ्या लाटू शकतील आणि शेजारची मेक्सिकन बाई आपले तमाले शिकवू शकेल. मुलांसाठी अशी खोली ठेवा की आई इंग्रजीच्या किंवा ड्रायव्हिंगच्या परीक्षेच्या तयारीला बसली तर मूल तिथं खेळेल. एक लहान खोली दार लावून बोलण्यासाठी असू द्या, जिथं आठवड्यातून एकदा वकील बसेल, एकदा समुपदेशक. जागा निवडताना बस कुठून जाते ते पाहा. जमीन दोन एकर कमी मिळाली तरी चालेल. मराठी शाळेच्या मुलांना वर्षातून एक काम द्या: घरातल्या मोठ्या माणसाला येणारी एक गोष्ट, मग ते वळवट असो, पाटा टाकवणं असो की हिशेबाची जुनी वही लिहिणं, ती नोंदवून आणायची आणि त्या माणसालाच हात धरून वास्तूत आणायचं. आणि निदान एक माणूस पगारी ठेवा. स्वयंसेवकांच्या दमावर शनिवार-रविवार चालतो, मंगळवार चालत नाही.

पैशाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती दुखरी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी हल हाउसचीच वस्ती निवडली. त्या वस्तीत वाढलेली, हल हाउसमध्येच शिकलेली, शिंप्याची मुलगी फ्लॉरेन्स स्काला शेजारणींना घेऊन उभी राहिली. त्यांनी मोर्चे काढले, महापौरांच्या कार्यालयात ठिय्या दिला, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. हरल्या. तिला सगळ्यात लागलं ते हे, की हल हाउसचे विश्वस्त शेजाऱ्यांच्या बाजूनं उभे राहिले नाहीत. तेरा इमारतींपैकी मूळ वाडा आणि भोजनगृह एवढंच उरलं. आज ते संग्रहालय आहे. संस्था शहरभर पसरून काम करत राहिली, पण ती बहुतांशी सरकारी निधीवर उभी होती. मंदीत तो आटला आणि जानेवारी २०१२मध्ये, एकशे बावीस वर्षांनंतर, तिला कुलूप लागलं. आपल्याकडे सभासदांचा पैसा आहे, तो आपला आहे. देणगीदारांच्या भिंतीसाठी जमवतो त्यातला काही भाग ठेव म्हणून बाजूला ठेवला, तर त्या व्याजावर मंगळवार चालू शकतो. आणि विश्वस्त मंडळात अलीकडे आलेल्यांना, भाड्यानं राहणाऱ्यांना जागा द्या. मोठ्या देणगीच्या बदल्यात विश्वस्तपद, ही पद्धत कुठं असेल तर ती कृपा करून थांबवा.

शिकागोच्या आसपास जी मंडळं आहेत त्यांच्या वास्तू-समितीच्या सदस्यांना माझं निमंत्रण आहे. आराखडा पक्का होण्याआधी एका शनिवारी आपण हॅल्स्टेड स्ट्रीटवरच्या त्या वाड्यात जाऊ. मग टेलर स्ट्रीटवर, उरलेल्या इटालियन वस्तीत, कुठंतरी बसून आराखडा समोर पसरू. आईनं शिवलेली वाकळ माझ्याकडे आहे. मुलगी आता कॉलेजात आहे, ती सुट्टीत घरी आली की हल्ली तीच पांघरते. त्या दिवशी मी वाकळ घेऊन येईन, आणि मुलगीही येणार आहे. सात माणसं बसतील एवढी गाडी माझ्याकडे आहे, ज्यांना चालवणं जमत नाही त्यांना मी घरून घेईन. फक्त आदल्या आठवड्यात कळवा.

आपली,
एक सभासद
शिकागोजवळच्या उपनगरातून